पाटीची पाठ

पितळेवर अक्षरे कोरणाऱ्या माणसाला खोडरबर ठाऊक नसते. एकदा रेघ गेली की गेली. म्हणून पाटीवाला कोणतेही काम करण्यापूर्वी तीनदा मापे घेई, दोनदा कागदावर आखून पाही आणि एकदा डोळे मिटून श्वास सोडी. या क्रमाने त्याने सतरा वर्षांत नऊ हजारांवर नावे कोरली होती. डॉक्टरांची, वकिलांची, घरमालकांची, भाडेकरूंची, आणि एकदा एका बोलक्या पोपटाचीही. त्यांतले एकही नाव त्याने स्वतः ठेवलेले नव्हते. लोक नाव घेऊन येत आणि तो ते कोरून देई. सगळ्या गावाचे जेवण रांधावे आणि आपल्या पानात मात्र वाढायचे राहून जावे, तसे त्याचे झाले होते.

एकदा, आयुष्यात फक्त एकदा, त्याला आपण निवडलेले नाव आपल्या हाताने कोरायचे होते. त्यासाठी त्याच्याकडे शुक्रवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ होता.

तशी एक संधी यापूर्वी येऊन गेली होती. सहा वर्षांपूर्वी मोठ्या मुलीचा जन्म व्हायचा होता, तेव्हा त्याने पंधरा दिवस आधीच सहा इंची पाटीवर एक तीन अक्षरांचे नाव कोरून, चकाकवून, कापडात गुंडाळून ठेवले होते. नाव घरात सांगायला योग्य मुहूर्त शोधण्यात तो गर्क असतानाच इकडे मुलगी जन्मली. परिचारिकेने नोंदवहीसाठी नाव विचारले आणि बायकोने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, पण खणखणीत आवाजात, एक चार अक्षरांचे नाव सांगून टाकले.

आता ही बायको साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी. पण ती समोरच्या बसस्थानकावर घोषणा करणारी. तिथले चालक-वाहक तिला घोषणाबाई म्हणत. अकरा वर्षांत तिने एकही घोषणा मागे घेतलेली नव्हती. बस उशिरा आली, बस आलीच नाही, बस येऊन दुसऱ्याच फलाटावर उभी राहिली, तरी दोष बसचा. तिच्या शब्दसंग्रहात 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' हे होते, 'चुकून' हा शब्द नव्हता. पाटीवाल्याने नोंद घेतली. घरी येऊन त्याने ती पाटी काढली, बराच वेळ पाहिली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार अक्षरे कोरून आतल्या खोलीच्या दारावर चार स्क्रूंनी बसवली. चारही स्क्रूंच्या खाचा ओळंब्याने पाहून उभ्या केल्या. ती त्याची रीतच होती. त्या पाटीच्या पाठीवर काय आहे, हे जगात त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

आता दुसरी मुलगी झाली होती. ती पाच महिन्यांची होऊन घरभर लोळू लागली तरी तिला नाव नव्हते. मोठीला सगळे खारूताई म्हणत, कारण दिसेल ते कुरतडून, उघडून, सुटे करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खारूताईने धाकटीला पहिल्याच दिवशी दुपट्यात गुंडाळलेली पाहून 'गाठोडं' म्हटले होते, आणि तेच चालले होते.

मग नोंदणी कार्यालयाची गुलाबी चिठ्ठी आली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नाव न दिल्यास रकाना कोरा समजून बंद करण्यात येईल. त्यानंतर नाव घालण्यास शपथपत्र, दोन साक्षीदार आणि किमान एक वर्ष लागेल. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'आई किंवा वडील यांपैकी एकाची सही पुरेशी आहे.' या बारीक ओळीकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढचा सगळा घोटाळा तिच्याच पोटात होता.

"या वेळी नाव मी सांगणार," पाटीवाला बुधवारी सकाळी चहाच्या पेल्यावरून म्हणाला.

"सांगा की. कोणी तोंड धरलंय?"

त्याने सांगितले. तेच, सहा वर्षांपूर्वीचे, तीन अक्षरांचे. बायकोने दुसरे सांगितले. ते पाच अक्षरांचे होते. ही दोन्ही नावे इथे मुद्दाम देत नाही. दिली, तर वाचकांतही दोन तट पडतील आणि गोष्ट अर्ध्यातच राहील.

"तीन अक्षरं?" बायको म्हणाली. "अहो, इंजिन चालू असताना तीन अक्षरं दुसऱ्या फलाटापर्यंत पोचत नाहीत. वाटेतच दम तोडतात. मुलीला हाक मारायची म्हणजे नाव कसं लांब हवं, शेवटी ऐसपैस सुटणारं हवं."

"मुलगी काय फलाटावर उभी राहणार आहे जन्मभर? नाव वाचायचंही असतं. पाच अक्षरं सहा इंचांत बसवली तर एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी राहतात."

"मग आठ इंची पाटी घ्या!"

"दार तेवढं रुंद नाही!"

"म्हणजे दाराच्या मापाने मुलीचं नाव ठेवायचं?"

पाटीवाला तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. वाद पेटला की तो तक्ता काढी. त्याने आलेखाच्या कागदावर सात निकष मांडले, प्रत्येकाला भार दिला, दोन्ही नावांना गुण दिले आणि बेरीज केली. तीनअक्षरीला ब्याण्णव मिळाले, पाचअक्षरीला एकेचाळीस.

बायकोने तक्ता उलटसुलट करून पाहिला. "परीक्षक कोण?"

"मी."

"पेपर कोणाचा?"

"...माझाच."

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. खारूताई, हा कागद घे, होडी कर."

खारूताईने होडी केली. गाठोड्याने ती चघळली. बायको कामावर गेली.

दुपारी पाटीवाला एका दंतवैद्याच्या आडनावातील शेवटचा काना कोरत होता. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या भोंग्यातून ओळखीचा आवाज आला. आधी नेहमीची एक घोषणा, मग छोटासा विराम, आणि मग तेच पाचअक्षरी नाव, दोनदा, शेवटचा स्वर पतंगासारखा ढील देऊन सोडलेला. "...जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीशी यावे."

पाटीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सरकारी भोंगा घरगुती भांडणात! नाव कसे ऐकू येते, याची चाचणी चालली होती, हे त्याने तत्काळ ओळखले. आणि नाव, मान्य करायलाच हवे, सुरेख ऐकू येत होते. त्यामुळे राग दुप्पट झाला.

हिशेबात एक गोष्ट मात्र घोषणाबाईने धरली नव्हती. त्या नावाची बाई खरोखरच फलाट क्रमांक तीनवर बसली होती.

अर्ध्या तासाने ती बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, पायांत पुरुषी बूट, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी.

"पाटीवाले तुम्हीच ना? तुमच्या मंडळींनी मला माईकवरून पुकारलं. मी धावत गेले. म्हटलं, काय गुन्हा केला! तर म्हणतात, आजी, माफ करा, मुलीसाठी तुमचं नाव वाजवून बघत होते."

"मी तिच्या वतीने..." पाटीवाला उठून उभा राहिला.

"माफी नकोय मला. मूल दाखवा."

त्याने मागच्या खोलीतून गाठोडे आणले. आजीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "हीच का ती? जिच्यासाठी माझं नाव उसनं मागताय?" गाठोड्याने शिट्टी पकडून तोंडात घातली. "पकड चांगली आहे. स्टिअरिंग नीट धरेल."

आजीबाईंची गाडी शिकवण्याची शाळा होती. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना क्लच कसा सोडावा हे शिकवले होते. त्या खुर्चीवर बसल्या, घोटभर पाणी प्याल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या,

"खरं सांगू? आज कितीतरी वर्षांनी कोणी मला नावानं हाक मारली. शाळेत सगळे मॅडम म्हणायचे. घरी हे 'अगं' म्हणायचे, पोरं 'आई'. शाळेच्या बोर्डावरही नाव नाही, नुसती गाडीची आकृती. माझं नाव मी वापरलंच नाही हो, पाटीवाले. घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं पडून आहे. आज भोंग्यावरून ऐकलं आणि वाटलं, अरे, ही तर मी! तर मला एक पाटी करून द्या. गाडीच्या पुढच्या फळीवर लावायची आहे. शुक्रवारी अकरा वाजता येते."

आता आली का पंचाईत! ज्या नावाला त्याने एकेचाळीस गुण दिले होते, तेच नाव कोरायचे. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. गुरुवारी सकाळी त्याने माप घेतले, आखले, डोळे मिटून श्वास सोडला आणि कोरणी लावली.

पहिले अक्षर उमटले, दुसरे उमटले. तिसऱ्यापाशी त्याचा हात आपोआप सावकाश झाला. त्या अक्षरांना एकमेकांच्या पायांवर पाय द्यायची मुळीच गरज नव्हती. ती सहलीला निघालेल्या बहिणींसारखी हातांत हात घालून सहा इंचांत ऐटीत मावली, वर दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. पाटीवाल्याने पाटी उजेडात धरली, तिरकी केली, लांब केली. तक्त्यातला चौथा निकष साफ चुकला होता. पाचवाही. सहावा तर त्याने निव्वळ हट्टापायी घातला होता.

मग त्याने गाठोड्याकडे पाहिले. ते पालथे पडून आपल्या मुठीशी काहीतरी गंभीर बोलत होते. त्याने दार बंद आहे ना हे पाहिले आणि हळूच पाचअक्षरी नावाने हाक मारून पाहिली. गाठोडे खुदकन हसले. हे शास्त्रीय प्रमाण नव्हे, हे त्याला कळत होते. त्याच सुमारास पंखाही फिरला होता. तरी त्याने दुसरी सहा इंची पाटी घेतली आणि तेच नाव पुन्हा कोरले. ही घरासाठी. बायकोला थक्क करायचे. सतरा वर्षांत एक नाव स्वतः ठेवायचे होते, ते राहिले. राहू दे. छातीत काहीतरी बारीकसे टोचले खरे, पण त्यावर त्याने पटकन फुंकर मारली, जशी तो पितळेच्या किसावर मारीत असे.

संध्याकाळी तो आतल्या खोलीत गेला तेव्हा त्याची नजर दारावरच्या खारूताईच्या पाटीवर थबकली. तीन स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. चौथ्याची आडवी.

"खारूताई! पाटीला हात लावलास?"

खारूताईने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले.

"स्क्रू सैल होता, बाबा. मी घट्ट केला."

"खाच उभी हवी. किती वेळा सांगितलंय?"

"अहो, असू दे हो," बायको म्हणाली, आणि ती हे इतक्या मऊ आवाजात म्हणाली की पाटीवाला दचकला. लग्नानंतर आठ वर्षांत या घरात 'असू दे' हे दोन शब्द त्याने तिच्या तोंडून प्रथमच ऐकले होते. इतकेच नव्हे, दुपारी भोंग्यावर घोषणा करताना ती मध्येच अडखळली होती, तेही त्याला आठवले. थकली असेल बिचारी, त्याने मनात म्हटले.

जेवताना तर कमाल झाली.

"तुम्ही घ्या ना आणखी."

"नको, तूच घे."

"दमला असाल."

"छे, तूच दमली असशील."

खारूताई आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. "तुम्ही आजारी आहात का?" तिने विचारले. नावाचा विषय कोणी काढला नाही. उद्या मुदत संपणार, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि दोघेही आपापल्या गुपिताला उराशी धरून बसले होते.

शुक्रवारी साडेदहाला पाटीवाला नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या खिडकीशी उभा होता. काखेत गाठोडे, एका हाताला खारूताई. त्याने अर्ज भरला, पाचही अक्षरे सुवाच्य लिहिली, सही केली. लिपिकाने शिक्का मारून पोच दिली. एवढे सोपे! तो शीळ घालत परतला, कानांत कापसाचे बोळे घातले आणि यंत्र सुरू केले.

त्याला हे कळायला मार्ग नव्हता की त्याच सकाळी साडेनऊला पहिल्या खिडकीशी घोषणाबाई उभी होती. तिनेही अर्ज भरला होता, तिलाही पोच मिळाली होती, आणि संपर्कासाठी तिने बसस्थानकाच्या चौकशी खिडकीचा क्रमांक दिला होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी चौकशी खिडकीतल्या दूरध्वनीवर निरोप आला. सहकाऱ्याने तो चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि घोषणाबाईपुढे सरकवला. ती दिवसाला अशा पन्नास चिठ्ठ्या वाचे. आवाज तिचा असे, लक्ष दुसरीकडे. तिने कळ दाबली आणि शांत, गोड, व्यावसायिक स्वरात वाचले,

"लक्ष द्या. समोरच्या पाटीवाल्यांनी आणि त्यांच्या पत्नीने कृपया ताबडतोब नोंदणी कार्यालयात हजर राहावे. त्यांच्या दुसऱ्या मुलीला दोन नावे..." इथे तिने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "...दोन नावे दिली गेली आहेत. ही पत्नी कुठे असेल तिथून... अगं बाई, ही तर मीच!"

हे शेवटचे शब्द एक ते सात फलाटांवर स्पष्ट ऐकू गेले. एक चालक हसता हसता पायरीवरून घसरला. घोषणाबाईने चिठ्ठी उलटी ठेवली. मग तिने पुन्हा कळ दाबली आणि आणखी एक घोषणा केली. ती काय होती ते यथावकाश येईलच.

साडेअकराला आजीबाई दुकानात आल्या, आणि हाका मारून काही उपयोग होत नाही असे दिसताच त्यांनी शिट्टी फुंकली. पाटीवाल्याने कापूस काढला.

"पाटी राहू द्या. आधी नोंदणी कार्यालय. तुम्हाला पुकारतायत!"

"का? मी तर सकाळीच..."

"गाडीत बसा. नाही, तिकडे नाही. चालकाच्या जागी बसा. माझ्या गाडीत कोणी फुकट बसत नाही, शिकत बसतं."

"मला येत नाही गाडी!"

"म्हणूनच. घाबरू नका, खालचे सगळे पाय माझे. तुम्ही नुसतं चाक धरा. आरसा! आरसा बघितला का?"

मागच्या आसनावर खारूताईने गाठोड्याला गच्च धरले. गाडी निघाली. प्रत्येक चौकात ती थांबली, प्रत्येक म्हाताऱ्याला वाट दिली, एका कुत्र्यासाठीही थांबली, कारण कुत्रा, आजीबाईंच्या मते, उजवीकडून येत होता. दोन शाळकरी मुली चालत त्यांच्या पुढे निघून गेल्या. पायी दहा मिनिटांचे अंतर त्यांनी अकरा मिनिटांत कापले. उतरताना पाटीवाला चाकावरचे एकेक बोट सोडवत होता आणि खारूताई म्हणत होती, "परत! परत!"

नोंदणी अधिकारी चष्म्याच्या दोरीशी खेळत बसले होते. त्यांच्यापुढे दोन अर्ज होते, एकाच जन्माचे. घोषणाबाई धापा टाकत उभी होती. रांगेतल्या माणसांनी कामे बाजूला ठेवून अर्धवर्तुळ केले होते.

"जुळ्या आहेत का?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"नाही," दोघे एकदम म्हणाले.

"मग सरकारच्या लेखी या क्षणी तुम्हाला तीन मुली आहेत. एक अर्ज आईचा, एक वडिलांचा."

पाटीवाल्याने बायकोच्या अर्जाकडे पाहिले. त्यावर तीन अक्षरे होती. बायकोने त्याच्या अर्जाकडे पाहिले. त्यावर पाच होती.

"तुम्ही माझं नाव दिलंत?" तिचा आवाज चिरकला.

"तू माझं दिलंस?"

"का दिलंत? ब्याण्णव गुणांचं काय झालं?"

"पेपर पुन्हा तपासला. ते नाव सुंदर आहे गं. मी कोरून पाहिलं. घरासाठी पाटीसुद्धा तयार आहे. माझा अर्ज राहू दे, तुझा मागे घे."

"तुम्ही घ्या मागे! मला माझं नाव नकोय!"

"परवा तर त्यासाठी भोंगा वाजवलास!"

"परवाची गोष्ट वेगळी!"

"अहो, दोन्ही ठेवा की," रांगेतला एकजण म्हणाला.

"चौकट एक आहे," अधिकारी म्हणाले, "आणि बारा वाजायला चौदा मिनिटं आहेत. आजवर या टेबलाशी लोक आपापल्या नावासाठी भांडले. दुसऱ्याच्या नावासाठी भांडणारे तुम्ही पहिलेच. बाई, तुम्ही मत का बदललंत?"

घोषणाबाईने खारूताईकडे बोट केले. "काल दुपारी जेवायला घरी आले, तर हिने दारावरची आपली पाटी खोलून मांडीवर घेतलेली. मला म्हणते, आई, माझ्या पाठीवर दुसरंच कोणीतरी आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "सहा वर्षं! सहा वर्षं ते नाव दाराकडे तोंड करून उभं होतं आणि तुम्ही मला चकार शब्द बोलला नाहीत?"

पाटीवाला कानापर्यंत लाल झाला. "पितळ चांगलं होतं. म्हटलं, वाया जाऊ नये."

"पितळ वाया गेलं नाही. आणि माणसाचं काय?"

"तू जाहीर केलं होतंस," तो अगदी हळू म्हणाला. "जाहीर झालेलं तू मागे घेत नाहीस."

अर्धवर्तुळ एक पाऊल जवळ सरकले. कोणाच्या तरी हातातल्या फायलीची दोरी सुटून लोंबत राहिली.

"बरोबर," घोषणाबाई म्हणाली. तिने ओढणी सारखी केली, मान ताठ केली. "मग ऐका. आज अकरा वाजून बावीस मिनिटांनी मी माईकवरून जाहीर केलंय. आमच्या दुसऱ्या मुलीचं नाव..." आणि तिने ते तीनअक्षरी नाव उच्चारले. खिडकीची काच हलली. "...निश्चित झाले असून त्यात कोणताही बदल संभवत नाही. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

"याला पुरावा?" पाटीवाल्याने शेवटचा प्रयत्न केला.

"मी ऐकलंय," आजीबाई पुढे सरसावल्या. "फलाट क्रमांक तीनवर होते. तीन अक्षरं सातव्या फलाटापर्यंत गेली, भिंतीवर आपटून परतही आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका वाहकाने घंटी मारली."

"पण आजी, तुमचं नाव... ते वापरात यायला हवं, असं तुम्हीच..."

"अरे बाबा, ते मी आत्ता कुठे घडी मोडून बाहेर काढलंय! लगेच उसनं कोणाला देऊ? आधी मला मिरवू दे चार वर्षं. तिसरी झाली तर बघू."

"तिसरी नाही," दोघे पुन्हा एकदम म्हणाले, आणि कार्यालय हास्यात बुडाले.

अधिकाऱ्यांनी पाचअक्षरीचा अर्ज पाटीवाल्यापुढे सरकवला. "खोडा आणि सही करा. सात मिनिटं."

पाटीवाल्याने पेन उचलले, मग खाली ठेवले. "पट्टी मिळेल का? हाताने रेघ सरळ येत नाही."

"मिळेल," अधिकारी हसून म्हणाले, "पण घाई करा."

त्याने पट्टी लावली, रेघ मारली, सही केली. रेघ सरळ आली. बारा वाजायला पाच मिनिटे असताना तीन अक्षरे सरकारी वहीत जाऊन बसली. गाठोड्याने त्या ऐतिहासिक क्षणी अधिकाऱ्यांच्या चष्म्याची दोरी ओढली.

त्याच दुपारी आजीबाई आपली पाटी घेऊन गेल्या. गाडीच्या पुढच्या फळीवर ती बसवून होताच त्यांनी तीन वेळा भोंगा वाजवला आणि विशीतल्या मुलीसारख्या लाजल्या. घरासाठी कोरलेली पाचअक्षरी पाटी टेबलावर उरली. पाटीवाल्याने ती उलटी केली. मागची बाजू आरशासारखी कोरी होती.

त्याने तीनदा मापे घेतली, दोनदा आखले. डोळे मिटून श्वास सोडायला गेला, तो हसूच फुटले. ते आवरायला बराच वेळ लागला. मग त्याने ते नाव कोरले. त्याने निवडलेले, त्याच्या हाताने, पाटीच्या दर्शनी बाजूवर. बायको दारात उभी राहून पाहत होती. तिचा कामाचा गणवेश अजून अंगावरच होता.

"वाचून दाखवू?" तिने विचारले.

"हळू. गाठोडं झोपलंय."

तिने हळू वाचले. तिला इतका हळू आवाज काढता येतो, हे त्याला आज पहिल्यांदाच कळले.

दारावर आता दोन पाट्या आल्या. खारूताई हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर उभी होती आणि हिशेब करीत होती. "म्हणजे माझ्या पाटीच्या मागे ही आहे. आधीपासून. आणि हिच्या मागे आजी. आणि आजीच्या मागे?"

"आजीच्या मागे गाडी," आई म्हणाली.

"गाठोडं मोठं झालं की तिला सांगायचं?"

"सांगायचं कशाला?" पाटीवाला म्हणाला. "एकदा स्क्रूड्रायव्हर हाती आला की तिचं तिलाच कळेल."

त्याने तीन स्क्रू आवळले, खाचा ओळंब्याने उभ्या केल्या. चौथा स्क्रू आवळला, खाच उभी झाली. तो मागे सरला, पाहिले, पुन्हा पुढे झाला. मग त्याने, सतरा वर्षांत पहिल्यांदाच, तो स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला आणि खाच आडवी ठेवली.